यार्निंग सर्कलला बोलावलं तर कसं बसायचं, काय ऐकायचं

वही घरी ठेवा. फोन नुसता सायलेंटवर नको, सरळ बॅगेत टाका. यार्निंग सर्कलला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांच्या, ॲबोरिजिनल लोकांच्या, गोल बसून गप्पा आणि गोष्टी सांगण्या-ऐकण्याच्या बैठकीला, जाणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते, कारण पहिल्यांदा गेले तेव्हा मी नेमकी वही उघडून, पेन सरसावून बसले होते, आणि गोष्ट सांगणाऱ्या आंटी बोलता बोलता थांबल्या, आधी वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि शांतपणे विचारलं, "तू कुठली गं? तुझी माणसं कोण?" मी नाव सांगितलं, काम सांगितलं, मेलबर्नमध्ये कुठे राहते ते सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि परत तेच विचारलं. तेव्हा कुठे लक्षात आलं की त्यांना माझी आई कुठली, आजी कुठली, आम्ही कुठल्या नदीकाठचे ते हवंय. ते सांगितलं, वही मिटली, आणि मग गोष्ट पुढे सरकली.

इथे ऑस्ट्रेलियात आपल्यापैकी बऱ्याच जणांना हल्ली ऑफिसातून, मुलांच्या शाळेतून, लायब्ररीतून असं बोलावणं येतं, जावंसं वाटतं, पण तिथे वागायचं कसं ते माहीत नसतं आणि काहीतरी चुकेल या भीतीने जाणंच राहून जातं. राहू देऊ नका. थोडी तयारी केली की पुरे.

तयारीतलं पहिलं म्हणजे आपण कोणाच्या कंट्रीवर बसणार आहोत ते आधी बघून ठेवायचं. ॲबोरिजिनल लोक कंट्री म्हणतात तेव्हा त्यात जमीन आली, पाणी आलं, आभाळ, प्राणी, पूर्वज आणि या सगळ्यांशी असलेलं नातंही आलं. १७८८ मध्ये इंग्रजांनी इथे वसाहत केली तेव्हा या खंडावर २५० हून जास्त भाषा बोलल्या जात होत्या, मग 'ॲबोरिजिनल लोकांची गोष्ट' अशी एकच सरसकट गोष्ट असेल कशी? गोष्ट वॉर्लपिरी लोकांची असते, गुंडिचमारांची असते, योल्ंगु लोकांची असते, आणि टॉरेस स्ट्रेटच्या बेटांवरचे लोक तर त्यांच्या भाषा, त्यांचा समुद्र, त्यांच्या रीती घेऊन आणखी वेगळे. कॅनबेराच्या आयॅट्सिस या संस्थेचा भाषांचा नकाशा ऑनलाइन बघायला मिळतो, त्यात आपलं गाव शोधा, त्या लोकांचं नाव नीट उच्चारायला शिका, जमत नसेल तर तिथे गेल्यावर विचारा, उच्चार विचारला म्हणून कोणी रागावत नाही.

सुरुवातीला जे स्वागत होतं त्याचेही दोन प्रकार आहेत आणि त्यांत गल्लत करू नका. 'वेलकम टू कंट्री' फक्त त्या जमिनीचे पारंपरिक मालक करू शकतात. तुम्ही-आम्ही, किंवा दुसऱ्या भागातून आलेली ॲबोरिजिनल व्यक्तीसुद्धा, फक्त 'अॅकनॉलेजमेंट' करू शकते, म्हणजे ही जमीन अमुक लोकांची आहे असं मान देऊन म्हणणं.

शब्दांचंही सांगते. मिथ, दंतकथा, परीकथा असलं काही म्हणू नका. मध्य ऑस्ट्रेलियातले अनांगु लोक चुकुर्पा म्हणतात, वॉर्लपिरी जुकुर्पा म्हणतात, आणि इंग्रजीत त्याचं 'ड्रीमिंग' केल्यामुळे फार घोटाळा झालाय, कारण ऐकणाऱ्याला वाटतं हे कुठलं तरी स्वप्न किंवा फार पूर्वी होऊन गेलेलं काहीतरी. चुकुर्पामध्ये जग कसं घडलं ते येतंच, पण कुठल्या पाणवठ्याची काळजी कोणी घ्यायची, कोणी कोणाशी लग्न करायचं, कोणतं जनावर कधी मारायचं नाही, हा सगळा कायदाही येतो, आणि तो आजही लागू आहे. त्यामुळे गोष्ट ऐकताना "हे खरंच घडलं होतं का?" हा प्रश्न मनात आला तरी बाजूला ठेवा, त्याऐवजी "ही गोष्ट कोणाला काय करायला सांगतेय?" याकडे लक्ष द्या, खूप जास्त कळेल.

आता प्रत्यक्ष सर्कल. मोठ्या माणसांना आंटी, अंकल म्हणतात, रक्ताचं नातं नसलं तरी, तो मानाचा शब्द आहे, पण तो तुम्ही वापरायचा का ते आधी इतर लोक काय म्हणतात ते ऐकून, नाहीतर सरळ विचारून ठरवा. लोक येत राहतात, चहा होतो, पोरं मध्येच धावतात, विषय कुणाच्या तरी भाचीच्या गुडघ्यावर जातो आणि अर्धा तास तिथेच रेंगाळतो, आपल्याला वाटतं अजून कार्यक्रम सुरूच झाला नाही. झालेला असतो. कोण कोणाचं कोण लागतं, कोणाची तब्येत कशी आहे, यंदा पाऊस झाला का, हे बोलणं म्हणजेच यार्निंगचा पाया, त्यावरच पुढचं सगळं उभं राहतं, कारण कोणासमोर किती सांगायचं हे त्या गप्पांतूनच ठरत असतं.

आणि मग शांतता. ही आपल्याला सगळ्यात जड जाते. कोणीतरी बोलून थांबतं, कोणीच काही बोलत नाही, मिनीट जातो, दोन मिनिटं जातात, आणि आपल्याला राहवत नाही, आपण काहीतरी विचारतो. नका विचारू. नॉर्दर्न टेरिटरीत डेली नदीकाठच्या नाउइयू गावच्या एल्डर, म्हणजे समाजातल्या मानाच्या ज्येष्ठ, आणि चित्रकार मिरियम-रोज उंगुनमेर-बाउमन यांनी आपल्या भाषेतला 'दादिरी' हा शब्द सगळ्या देशाला दिला, २०२१ च्या सीनियर ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर त्याच. दादिरी म्हणजे आतून, खोलवर, घाई न करता ऐकणं आणि शांत जागं असणं. हे ध्यानाच्या क्लाससारखं वेगळं काढून करायचं काही नाही, नदीकाठी बसल्यावर, गोष्ट ऐकताना, कोणी गेल्यावर सोबत बसताना, सगळीकडे तेच. मला जमायला बरेच महिने लागले. एक साधा उपाय सांगते, प्रश्न आला की तो लगेच ओठावर आणायचा नाही, पुढच्या भेटीपर्यंत धरून ठेवायचा, दहापैकी आठ प्रश्नांची उत्तरं तोवर न विचारताच मिळालेली असतात, आणि उरलेले दोन विचारण्यासारखे असतात.

गोष्ट फक्त कानांनी ऐकायची नसते. मध्य ऑस्ट्रेलियात एका आर्ट सेंटरच्या अंगणात मी एका बाईंना वाळूवर गोष्ट सांगताना बघितलं, पित्जांत्जात्जारा भाषेत त्याला मिल्पाचुनान्यी म्हणतात, बायका आणि मुलींची कला आहे ही. बाई मांडी घालून बसल्या, तळहाताने समोरची वाळू सपाट केली, हातात वाकवलेली तार होती, ती जमिनीवर टप टप टप मारत एक ताल धरला आणि त्या तालातच बोलत राहिल्या, मध्येच बोटाने खूण काढायच्या: इंग्रजी यू सारखी वाकलेली रेघ म्हणजे बसलेलं माणूस, सरळ रेघ म्हणजे झोपलेलं, बाहेरून एक कमान म्हणजे वारा अडवायचा आडोसा. आई इथे, मुलगी इथे, आजी पलीकडे. मग एकदम हात फिरवला आणि सगळं पुसलं! माझ्या तोंडून 'अरे' निघालं, कारण मी ते चित्र पाठ करत होते. पण पुसणं म्हणजे पुढचा प्रसंग, सकाळ झाली, माणसं उठली, दुसरीकडे गेली. शेजारी सात-आठ वर्षांची एक मुलगी काडी घेऊन तोच ताल धरून स्वतःच्या वाळूवर स्वतःची गोष्ट काढत होती, कुणी तिला शिकवत नव्हतं, कुणी थांबवतही नव्हतं. अशा वेळी फोटोच्या मागे लागू नका, हाताकडे बघा, तालाकडे कान द्या, कारण कागदावर ते चित्र उतरवून आणलंत तरी हातात फक्त चार रेघा राहतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा सगळा खटाटोप करतेय ती. लोकांना वाटतं तोंडी परंपरा म्हणजे कानगोष्टींचा खेळ, एकाने दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि शेवटी भलतंच काहीतरी उरायचं. इथे तसं होत नाही, कारण गोष्ट एकट्या माणसाच्या ताब्यात दिलेलीच नसते. वॉर्लपिरी लोकांत एखाद्या जुकुर्पाचे किर्दा असतात, म्हणजे वडिलांकडून ज्यांना ती गोष्ट आणि ती जागा मिळाली ते, आणि त्याच जुकुर्पाचे कुर्दुंगुर्लु असतात, ज्यांच्या आईकडून ती येते ते. सांगायचा, नाचायचा हक्क किर्दांचा, आणि ते बरोबर होतंय का, रंग बरोबर लागलाय का, काही वगळलं तर नाही ना, हे बघायची जबाबदारी कुर्दुंगुर्लुंची. एका गोष्टीत जो किर्दा, तोच आपल्या आईकडच्या गोष्टीत कुर्दुंगुर्लु, म्हणजे प्रत्येकजण कुठेतरी सांगणारा आणि कुठेतरी तपासणारा. योल्ंगु लोकांत हेच आई आणि मूल यांच्या नात्यातून चालतं, योथु-यिंदी म्हणतात त्याला.

तर सर्कलमध्ये बसल्यावर कोण मध्ये बोलतंय ते बघा. अंकल गोष्ट सांगतायत आणि कोपऱ्यातून त्यांची भाची म्हणते, "नाही, ते डोंगराच्या या बाजूने आले," अंकल थांबतात, मान हलवतात, परत तिथून सांगतात. आपल्याला वाटतं हा वाद झाला. ही तर तपासणी झाली, आणि ती आपल्या डोळ्यांसमोर झाली. म्हणून दोन ठिकाणी थोडी वेगळी गोष्ट ऐकली तर "यातली ओरिजिनल कुठली?" असं विचारू नका, बहुतेक वेळा एकाच लांब वाटेचे ते दोन तुकडे असतात आणि ज्याचा त्याचा तुकडा सांगायचा हक्क ज्याला त्याला.

या तपासणीची ताकद किती, तर पॅट्रिक नन आणि निकोलस रीड या दोन संशोधकांनी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या २१ ठिकाणांच्या अशा गोष्टी गोळा केल्या ज्यांत समुद्र आत आला आणि जमीन बुडाली असं येतं, आणि हिमयुगानंतर पाणी कधी कुठवर चढलं त्याच्याशी ताडून बघितल्या. त्यांचं म्हणणं, या आठवणी ७,००० वर्षांहून जुन्या आहेत. त्यातलं एक ठिकाण माझ्या घराजवळचं, पोर्ट फिलिप बे. बूनवुरुंग लोक सांगतात की तिथे पूर्वी मैदान होतं, कांगारूंची शिकार व्हायची. त्या किनाऱ्यावर मी शेकडो वेळा चालले असेन, पण हे ऐकल्यापासून पाण्याकडे बघताना पाण्याखालची जमीन दिसायला लागली.

सर्कलनंतर कोणी "चल, दाखवते" म्हणालं तर हातातली सगळी कामं सोडून जा. गोष्ट जागेला बांधलेली असते, दगड दिसला की पुढचं वाक्य आठवतं, वळण आलं की पुढचा प्रसंग. मोनॅश युनिव्हर्सिटीत मेडिकलच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला, २०२१ मध्ये तो छापून आला, त्यात काहींना २० फुलपाखरांची नावं ॲबोरिजिनल पद्धतीने शिकवली, म्हणजे बागेत दगडांमधून चालत चालत, जागेला जोडून गोष्ट सांगत, आणि या मुलांना पूर्ण यादी बिनचूक आठवण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट झाली. पण मला विचाराल तर हे पाठांतराचं तंत्र म्हणून वेगळं काढणं बरोबर नाही, कारण जागेची काळजी घेण्यासाठीच तर ती आठवण आहे. व्हिक्टोरियात बज बिमला जाऊन बघा, गुंडिचमार लोकांनी तिथे लाव्हाच्या दगडांतून चर खणून, बांध घालून ईल मासे, त्यांच्या भाषेत कूयांग, पकडायची आणि वाढवायची सोय केली, किमान ६,६०० वर्षं जुनी, २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. तिथले गाइड त्याच लोकांतले असतात, पूर्वजाचं कपाळ म्हणजे तो डोंगर आणि लाव्हा म्हणजे त्याचे दात, असं ते सांगतात, आणि त्याच दमात पाणी कुठल्या चरातून कधी सोडायचं तेही सांगतात.

रात्री थांबायला मिळालं तर वर बघा. त्रिशंकूच्या शेजारी आकाशगंगेत जो काळा डाग आहे ते एमूचं डोकं, मान आणि धड खाली काळ्या पट्ट्यात पसरलेलं, म्हणजे ताऱ्यांनी नाही तर अंधाराने काढलेलं चित्र. कामिलारोई आणि युआलाराय लोकांसाठी हे कॅलेंडर आहे, एप्रिल-मेमध्ये एमू धावताना दिसतो, तो त्यांचा जोडीचा काळ, जून-जुलैमध्ये पाय दिसेनासे होतात, नर अंड्यांवर बसला, म्हणजे अंडी मिळायचे दिवस. आणि कृत्तिका दाखवून कोणी सात बहिणींची गोष्ट सुरू केली तर आणखी सरसावून बसा, ती तीन वाळवंटं ओलांडून जाते, मागे लागलेला पुरुष मृगात दिसतो.

इथे थांबायचं कुठे तेही शिकायला लागतं. बायकांच्या गोष्टी बायकांच्या, पुरुषांच्या पुरुषांच्या, काही फक्त दीक्षा झालेल्यांसाठी. मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड खडकाच्या पायथ्याशी, मुटिट्जुलु पाणवठ्याजवळ, कुनिया या अजगर-स्त्रीची आणि लिरू या विषारी सापांची गोष्ट सांगतात, खडकावरच्या खुणा दाखवतात, ती अनांगु मुलांना सांगतात तेवढीच आपल्याला सांगतात, त्याच्या पुढची नाही. "अजून सांगा ना" म्हणू नका. काही जागी फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, कारण ती जागाच गोष्ट आहे, आणि फोटो गेला की गोष्ट चुकीच्या डोळ्यांपुढे गेली. त्या खडकावर चढू नका असं अनांगु कित्येक वर्षं विनवत होते, जमीन त्यांना २६ ऑक्टोबर १९८५ ला परत मिळाली, पण चढणं बंद व्हायला २६ ऑक्टोबर २०१९ उजाडला. हे लिहिताना अजूनही वाईट वाटतं.

गेलेल्या माणसाचं नाव घेणं, फोटो दाखवणं हेही बऱ्याच ठिकाणी चालत नाही, मध्य ऑस्ट्रेलियात काही ठिकाणी त्या नावाच्या जिवंत माणसालासुद्धा मग कुमांजायी म्हणतात. तुमच्याकडे जुना ग्रुप फोटो असेल तर दाखवण्याआधी विचारा.

हे सगळं इतकं जपून का, याचं कारणही मनात असू द्या. सरकारने आणि चर्चने पिढ्यानपिढ्या या लोकांची मुलं घरातून उचलून नेली, १९९७ च्या 'ब्रिंगिंग देम होम' अहवालात ते सगळं नोंदलंय, आणि २००८ मध्ये संसदेने माफी मागितली. मूल गेलं की ऐकणारा गेला, आणि काही वर्षांनी तपासणाराही गेला. सर्कलमध्ये एखादी साठीची बाई "मला हे माहीत नाही, मी आत्ताच शिकतेय" असं म्हणाली तर तिच्याकडे आश्चर्याने बघू नका.

पण ही साखळी लोक पुन्हा जोडतायत, आणि कशी जोडतायत ते बघण्यासारखं आहे. अॅडलेडच्या कौर्ना लोकांनी १८४० मध्ये दोन जर्मन मिशनऱ्यांनी छापलेल्या सुमारे २,००० शब्दांच्या नोंदींवरून आपली भाषा परत उभी केली, आता तिच्यात गाणी होतात, स्वागतं होतात. अनांगु लोकांनी १९९४ पासून 'आरा इरिटिजा' नावाचं डिजिटल भांडार केलंय, म्युझियममध्ये आणि लोकांच्या ट्रंकांमध्ये पडलेले फोटो, रेकॉर्डिंग परत गावात आणून, आणि त्यात पुरुषांचं पुरुषांना, बायकांचं बायकांनाच दिसेल, शोकातलं झाकलेलं राहील, अशी सोय आहे, म्हणजे सर्कलचे नियम कॉम्प्युटरलाही लावले. नॉर्दर्न टेरिटरीतल्या लाजामानू गावचे वॉर्लपिरी २००५ पासून मिल्पिरी करतात, थंड आणि गरम हवा भेटून जो ढग उठतो त्याचं नाव, एका रात्री एल्डर्स अंग रंगवून जुने नाच करतात आणि त्याच मैदानात पोरं हिपहॉप करतात, त्याच जुकुर्पावर. सात बहिणींची वाट तरुणांपर्यंत पोचत नाहीये म्हणून वाळवंटातले एल्डर्स स्वतः मदत मागायला आले, आणि २०१७ मध्ये कॅनबेराच्या नॅशनल म्युझियममध्ये त्यांच्याच देखरेखीखाली मोठं प्रदर्शन झालं.

घरी येऊन मुलांना गोष्ट सांगावीशी वाटणारच. ऐकलेली सांगायची असेल तर ज्यांनी सांगितली त्यांना विचारा, "ही मी घरी सांगू का?" काही वेळा हो म्हणतात, काही वेळा अर्धीच सांग म्हणतात, तेवढीच सांगायची. विचारणं शक्य नसेल तर ॲबोरिजिनल लेखकांची पुस्तकं आणा, ब्रूमचं मॅगबाला बुक्स हे त्यांच्याच मालकीचं प्रकाशन आहे, आणि वाचताना कुठल्या लोकांची, कोणी सांगितलेली हे पहिल्यांदा वाचा, मग गोष्ट. इन्स्टावर टाकणं, शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाटुकलं बसवणं, अंगावर ठिपके रंगवणं, हे विचारल्याशिवाय अजिबात नाही. तुम्ही ऑफिसच्या वतीने बोलावत असाल तर एल्डरना मानधन द्या, किती ते आधी विचारा, न्यायला-आणायला गाडी पाठवा, बसायला पाठीची खुर्ची ठेवा आणि वेळापत्रकात त्यांच्यानंतर लगेच दुसरं काही लावू नका.

आणि निघण्याआधी एक फोन करा. गावात कोणी गेलं असेल तर सॉरी बिझनेस, म्हणजे दुखवटा, असतो, सगळं बंद होतं, कधी आठवडाभर, कधी त्याहून जास्त. असं झालं तर कोण गेलं, कसं गेलं ते विचारू नका, तिकिटाच्या पैशांचं काढू नका. "आम्ही नंतर येतो, तुम्ही सांगाल तेव्हा" एवढं म्हणा आणि पुढच्या फोनची वाट बघा.